वजनावर घेतलेले हजार वॅट

त्या आठवड्यात सूनबाई इतकी तापलेली होती की तिच्या हातात पातेलं दिलं असतं तर दूध गॅसशिवाय उतू गेलं असतं. हे सासूबाईंचं म्हणणं. सासूबाईंना वाढवून सांगायची सवय आहे. फार तर दूध कोमट झालं असतं. पण राग होता हे खरं, आणि त्याला कारणही तसंच होतं. तिचा नवाकोरा कॉम्प्युटर ऐन लढाईत मरत होता.

एरवी तो शहाण्यासारखा वागे. पत्र लिहा, गाणी ऐका, आकडेमोड करा, काही तक्रार नाही. पण गेम सुरू झाला, पडद्यावर डोंगर, धूर, धावपळ सुरू झाली आणि सूनबाई दबकत दबकत शत्रूच्या पाठीशी जाऊन पोचली की खट्. पडदा काळा, पंखे बंद, दिवे बंद. जणू कुणीतरी मागून येऊन वायर उपटली. ती दर वेळी खरोखर मागे वळून बघायची. मागे कुणी नसे, म्हणून आणखी राग यायचा.

सूनबाई दिवसा दवाखान्यात एक्स-रे काढायची आणि संध्याकाळी खेळायची. वेळ घालवायला नव्हे. पाच जणींचा एक संघ होता, स्पर्धांत उतरून भल्याभल्यांना पाणी पाजणारा. त्यातली एक जागा रिकामी झाली होती आणि तिच्यासाठी निवड चालली होती. या जागेवर सूनबाईचा डोळा लग्नाच्या आधीपासूनचा. आता फक्त शनिवारी संध्याकाळची शेवटची चाचणी उरली होती. संघाची कॅप्टन पेशाने दातांची डॉक्टर. सूनबाईने तिला कधी पाहिलेलं नव्हतं, हेडफोनमधून ऐकलेलं तेवढंच. दाढ उपटण्यापूर्वीचा तो मऊ, समजूतदार आवाज.

"तू खेळतेस छान," दुसऱ्यांदा कॉम्प्युटर मेल्यावर कॅप्टन म्हणाली. "पण मधेच नाहीशी होतेस. चौघीजणी तुझ्या भरवशावर दरीत उतरतात आणि वर बघतात तर तू नाहीस. शनिवारी असं झालं तर जागा दुसरीला जाईल. थोडं दुखेल, पण आधीच सांगते."

मग सूनबाईने सगळं तपासलं. पंखे पुसले, वायरी काढून घातल्या, पडद्यावरची चित्रं रंगवणारं ग्राफिक्स कार्ड उपसून फुंकलं, परत बसवलं. कॉम्प्युटरला मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या की त्याला कान असते तर तो स्वतःहून भंगारात गेला असता. एका भागाला मात्र तिने हात लावला नाही, कारण त्याच्याबद्दल तिला शंकाच नव्हती. तो म्हणजे पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागाला झेपेल तशी वाटून देणारा तो लोखंडी डबा. तो तिने रात्रीचा दिवस करून निवडला होता.

त्यातलं मर्म तिला नोकरीमुळे ठाऊक होतं. एक्स-रेचं मशीन एरवी पेंगत असतं, आणि बटण दाबलं की पापणी लवायच्या आत विजेचा असा घोट घेतं की साध्या वायरीला घाम फुटावा. ग्राफिक्स कार्डाचीही तीच खोड. सरासरी किती पितं हे विचारून भागत नाही. तहान लागते त्या क्षणी किती ओढतं ते बघायचं. म्हणून तिने कार्डाची भूक मांडली, प्रोसेसरची मांडली, पंख्याबिंख्याची किरकोळ धरली, वर त्या एका घोटासाठी जागा सोडली आणि एका नावाजलेल्या कंपनीचा साडेसातशे वॅटचा डबा दुकानात फोन करून बाजूला ठेवायला सांगितला. तिची ड्युटी होती, म्हणून आणायला नवऱ्याला पाठवलं.

इथे माशी शिंकली. नवऱ्याला घरात सगळे होयबा म्हणत. त्याच्या तोंडातून "नाही" हा शब्द निघाल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. शेजाऱ्याने एकदा "तुमचं घर माझ्या नावावर करता का" असं चेष्टेत विचारलं तर हा "हो" म्हणाला, आणि सासूबाई धावत आल्या म्हणून छप्पर वाचलं. तर होयबाने डबा आणला, बसवला, आणि संध्याकाळी सूनबाईने विचारलं, "आणलास का रे?" तेव्हा म्हणाला, "हो."

शुक्रवारी संध्याकाळी, बाकी सगळे संशयित निर्दोष सुटल्यावर, सूनबाईने पॉवर सप्लायचे स्क्रू काढले आणि आतल्या बाजूचं लेबल वळवून उजेडात धरलं. त्यावर सोनेरी वाघ होता. वाघाच्या जबड्यात लिहिलेलं, हजार वॅट. कंपनीचं नाव असं की ते या जन्मी कुणी ऐकलं नसावं.

ती डबा हातात घेऊन स्वयंपाकघरात गेली. होयबा कांदा चिरत होता, सासूबाई कणीक मळत होत्या.

"हा कुठून आला?"

"दुकानातून."

"मी सांगितला होता तो हाच का?"

"हो."

"नीट बघून बोल."

होयबाने कांद्याच्या आडून बघितलं. डोळ्यांत पाणी होतंच, त्यामुळे ते कशाचं हे कळायला मार्ग नव्हता. "हो. म्हणजे, तोच बाबांनी बदलला तो."

बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला. "त्याला कशाला बोलतेस? मी बदलला. इकडे ये."

सासरे म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते वजनकाटे दुरुस्त करायचे. बाजारातला एकेक काटा त्यांच्या हाताखालून गेलेला, म्हणून लोक त्यांनाच काटा म्हणत. वजनावर त्यांची इतकी निष्ठा की पुस्तकसुद्धा ते तोलून घेत, आणि हलकं निघालं की लेखकाने कामचुकारपणा केला असं म्हणत. घरात कुणाला ताप आला तर थर्मामीटरच्या नादी न लागता आजाऱ्याला काट्यावर उभं करत. एकदा त्यांच्या दागिन्यांच्या काट्यावर एक माशी बसून उडाली, तर ती बसण्याआधी काय खाऊन आली होती ते त्यांनी सांगितलं. माशीने नाकारलं नाही.

"मी त्याच्याबरोबर दुकानात गेलो, तुझा डबा हातात घेतला," सूनबाई बाहेरच्या खोलीत आल्यावर सासरे म्हणाले. "पिसासारखा. आत काही असेल असं वाटेना. मग काट्यावर ठेवला."

"बाबा, तुम्ही कॉम्प्युटरच्या दुकानात काटा घेऊन गेलात?"

"मी काट्याशिवाय जातो कुठे?"

"लग्नातसुद्धा घेऊन आले होते," आतून सासूबाई म्हणाल्या.

"तेव्हा तू भरली होतीस—"

"पुढे बोलून बघा."

सासरे डब्याकडे वळले. घसा साफ करून म्हणाले, "हा वाघवाला त्याच्या जवळजवळ दुप्पट भरला. तांबं आहे, लोखंड आहे, माल आहे आत. शिवाय तू साडेसातशे मागत होतीस, मी हजार आणले. यात रागवायचं काय?"

"तो बंद पडतो. ऐन मोक्याला मान टाकतो."

"डबा बंद पडत नाही. तुझा गेम जड आहे. हलका गेम खेळ."

सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि वाटेत ती कुठेही टेकली नाही. "उद्या चाचणी आहे. उद्या हा बंद पडला की माझी संघातली जागा गेली. परत मिळणार नाही. हे तुम्हाला कळतंय का? मी आकडे मांडून वस्तू निवडते, आणि माझ्या माघारी तुम्ही ती बदलता. विचारत नाही, सांगत नाही. आणि हा," तिने स्वयंपाकघरातल्या कांद्याकडे बोट केलं, "हो म्हणतो."

"आकडे काय, कागदावर कुणीही लिहितं. वजन खोटं बोलत नाही. उघडून दाखव, आत माल नसेल तर."

"हा डबा उघडायचा नसतो. वीज काढून घेतली तरी आत झटका साठून राहतो. हात लावणारा भिंतीवर जाऊन चिकटतो."

"बघ," सासरे समाधानाने म्हणाले. "म्हणजे आत माल आहे."

त्या रात्री घरात कुणी कुणाशी बोललं नाही. भांडी मात्र पुष्कळ बोलली.

सकाळी सूनबाईने वाघ डब्याच्या पिशवीत घातला, त्यामुळे जेवणाचा डबा घरी राहिला. दुपारी पेशंट आटोपले, तेव्हा तिने पॉवर सप्लाय टेबलावर आडवा निजवला, जाड हाडाला लावतात तसा जोर लावला आणि बटण दाबलं. पुष्कळांनी पुष्कळ गोष्टींचे एक्स-रे काढले असतील, पण सासऱ्यांच्या मताचा एक्स-रे काढणारी ती पहिलीच.

फिल्म घेऊन ती रिपोर्ट लिहिणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरकडे गेली. ते चहा ढवळत होते.

"बघा जरा."

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली आणि चमचा थांबला. "पेशंटचं वय?"

"महिनाभर."

"हाडं फारच कमी आहेत. इथे दोन-चार शिरा, इथे काहीतरी बारीकसं. आणि पोटात हे काय?" त्यांनी चष्मा वर केला. अर्ध्या डब्यात एक चौकोनी, गुळगुळीत, सगळीकडे सारखी सावली बसलेली होती. "वीट गिळली आहे यानं. पेशंटचं नाव काय लिहू?"

"सासरे," सूनबाई म्हणाली, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली.

घरी येऊन तिने फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवली आणि सासऱ्यांना समोर उभं केलं.

"हा कुणाचा फोटो?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या मालाचा. ही इवलीशी तांब्याची गुंडाळी, हे चार बारके भाग. एवढ्याशा जिवाने हजार वॅट कुठून आणायचे? आणि हे चौकोनी काय आहे ते तुम्हीच सांगा. वजन तुम्ही केलं होतं."

सासरे खिडकीपाशी गेले. मागे आले. डबा उचलला, एका बाजूला कलंडवला, दुसऱ्या बाजूला कलंडवला, कानाशी नेऊन बोटाने टकटक केलं. आधी चेहरा लाल झाला, मग पांढरा, मग असा काही रंग आला की त्याला नाव नाही.

"सिमेंट," ते म्हणाले.

आयुष्यभर त्यांनी चोर पकडले होते. तळातून पोखरलेली वजनं, पारड्याखाली डकवलेले चुंबक, तोललेल्या मालाच्या आडून दांडीला लागलेलं बोट, सगळं त्यांनी पाहिलेलं. पण त्यांच्या धंद्यातला चोर वजन काढून घेणारा. गिऱ्हाइकाला जास्तीचं वजन देणारा चोर असू शकतो, हे त्यांच्या सात पिढ्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"चला," ते म्हणाले आणि चपला उलट्या घातल्या. सूनबाईने सांगितलं नाही. तेवढा सूड तिने घेतला.

दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. दुकानदार साखरेत घोळून काढल्यासारखा बोलायचा. सासऱ्यांनी वाघ काउंटरवर असा आदळला की मागच्या कपाटातल्या माऊसच्या माळा हलल्या.

"यात सिमेंट आहे."

"या काका. पाणी घेणार?"

"सिमेंट आहे यात."

"असेल ना," दुकानदार म्हणाला. "काका, तुम्ही काटा काढलात, आणि सगळ्यात जड कुठला ते विचारलंत. मी जड दिला. वॅट कुणी विचारले होते? ताईंनी फोनवर सांगितलेला चांगला डबा मी बाजूला ठेवलाच होता, तो तुम्ही परत केलात. हलका आहे म्हणालात. मी गिऱ्हाइकाशी वाद घालत नाही."

सासऱ्यांनी वाघ काउंटरवर पुन्हा कलंडवून बघितला. आणि सूनबाईला कळेना की आता कुणावर चिडावं. एकाने फसवलं, दुसऱ्याने फसायचा हट्ट धरला, तिसरा घरी "हो" म्हणत बसला होता. शेवटी तिने कुणालाच कमी पडू दिलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं यात काय आहे ते," ती दुकानदाराला म्हणाली. "हा डबा पेटला असता तर? घरात माणसं झोपलेली असतात."

"ताई, आवाज खाली. विकलेला माल परत होत नाही."

"बरं," सूनबाई म्हणाली. तिने आवाज खाली केला, पिशवीतून फिल्म काढली आणि दुकानाच्या काचेच्या दाराला आतून चिकटवली. बाहेर कडक ऊन होतं. फिल्म सुरेख दिसत होती. शेजारी सासऱ्यांनी स्टूल ओढलं आणि दार अडवून बसले.

आधी एक भाजीवाली थांबली, मग कुरियरवाला, मग दोन कॉलेजच्या पोरी. "मुतखडा आहे का?" भाजीवालीने विचारलं. "एवढा?" सासरे प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होते, आणि प्रत्येक वेळी वीट थोडी मोठी होत होती. कुरियरवाल्यापर्यंत ती पायरीएवढी झाली. कॉलेजच्या पोरींना त्यांनी सांगितली तेव्हा तिच्यावर एक मजला चढवता आला असता. एक जण नवा कॉम्प्युटर घ्यायला आला होता. त्याने फिल्म बघितली, दुकानदाराकडे बघितलं आणि न बोलता रस्ता ओलांडला.

"बदलून देतो," दुकानदार म्हणाला. साखर संपलेली होती. "ते आधी काढा."

तिने ठेवायला सांगितलेला साडेसातशेचा डबा केव्हाच विकला गेला होता. उरले होते दोन. एक भला थोरला, बाराशे वॅट लिहिलेला, वाघाच्या जागी गरुड. दुसरा तिच्याच कंपनीचा, साडेसहाशेचा, साध्या खोक्यातला.

"बाराशेवाला घे," दारातून सासरे म्हणाले. "मोठा आहे. पुन्हा कमी पडायला नको."

"बाबा, तुम्ही आता बोलू नका."

त्या घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. सासूबाईंनी त्याची अनेकदा तालीम केली होती, पण प्रयोग झाला नव्हता. सासरे गप्प झाले. भाजीवालीसुद्धा गप्प झाली, तिचा काही संबंध नसताना.

सूनबाईने दोन्ही खोकी जवळ ओढली. मोठा आकडा तिने वाचलाच नाही. तिने बारा व्होल्टची ओळ शोधली, कारण कार्ड आणि प्रोसेसर पितात ते तिथूनच. गरुडाच्या लेबलवर इकडचे तिकडचे आकडे गोळा करून बाराशेची बेरीज जमवलेली होती. बारा व्होल्टच्या ओळीत मात्र जेमतेम तिसरा हिस्सा. त्या ओळीवर तिचं कार्ड एका घोटात ठसकलं असतं. साडेसहाशेच्या डब्यात जवळजवळ सगळेच्या सगळे वॅट त्या एका ओळीत होते. तिने पुन्हा भूक मांडली. कार्ड, प्रोसेसर, किरकोळ. बसत होतं, पण त्या अचानकच्या घोटासाठी हवी तेवढी जागा राहत नव्हती. मग कार्डालाच लगाम घालायचा. सेटिंगमध्ये जाऊन त्याची कमाल ओढ पाचव्या हिश्शाने खाली आणायची. पडद्यावरचा धूर थोडा कमी देखणा दिसेल. दिसू दे. धूर बघायला कोण बसलंय.

"हा द्या," ती म्हणाली.

"लहान आहे, ताई."

"पुरेसा आहे. आणि खरा आहे. यातलं पहिलं नसलं तरी चालवता येतं, दुसरं नसलं तर नाही. उघडा खोकं, इथेच बघते."

घरी पोचेपर्यंत चाचणीची वेळ डोक्यावर आली. होयबाने टॉर्च धरला.

"ती जाड वायर पूर्ण बसली का बघ."

"हो."

"तुझं हो मला नको. ओढून दाखव."

त्याने ओढली. हातात आली. त्याने कानकोंडा होऊन परत बसवली, या वेळी कट् असा आवाज येईपर्यंत. सूनबाईने पुढचा स्क्रू घेतला. बोलली असती तर सोमवारपर्यंत थांबली नसती.

कॉम्प्युटर सुरू झाला. तिने कार्डाला लगाम घातला, हेडफोन चढवले, दार लावून घेतलं.

"आलीस," कॅप्टन म्हणाली. "आ कर. म्हणजे, सज्ज हो."

पहिली फेरी डोंगरावर होती, ती सोपी गेली. दुसरीत दरी. चौघी खाली उतरल्या. वरून सूनबाईने वाट धरायची होती. नेमक्या त्याच जागी, जिथे दोनदा सगळं काळं झालं होतं, शत्रूने धूर फोडला, दोन्हीकडून आग लागली, पडद्यावर एकाच वेळी इतकं काही कोसळलं की पंखे घोंघावू लागले. तिची बोटं चालत होती आणि कान त्या खट् कडे लागले होते. चिडून तिने दात इतके आवळले की पलीकडच्या दातांच्या डॉक्टरला ते ऐकू गेले.

"जबडा सैल," कॅप्टन म्हणाली. "डावीकडे दोघी."

डावीकडे दोघी होत्या. मग नव्हत्या. धूर जरा मळकट दिसत होता. पंखे घोंघावत राहिले आणि वीज येत राहिली. दरीतून चौघी वर आल्या तेव्हा सूनबाई जिथे असायला हवी होती तिथेच होती.

तिसरी फेरी संपल्यावर हेडफोनमध्ये थोडी कुजबुज झाली, मग तो मऊ आवाज आला. "जागा तुझी. सोमवारपासून सराव. आणि तो कॉम्प्युटर कुणाला हात लावू देऊ नकोस."

सूनबाईने हेडफोन काढले. घर विचित्र शांत होतं. पंखा फिरत नव्हता. दार उघडलं तर अंधार. स्वयंपाकघरात तिघं घामाने निथळत बसली होती. फ्रिज बंद, त्याखाली पाण्याचं तळं. सासरे स्विचबोर्डापाशी उभे, आणि इंटरनेटच्या डब्यासमोर सासूबाई झारा घेऊन बसलेल्या.

"सगळं बंद केलंय यांनी," सासूबाई म्हणाल्या. "घरातली सगळी वीज म्हणे तुझ्या कॉम्प्युटरला मिळू दे. हा डबाही बंद करायला निघाले होते. तीनदा हाकललं मी."

तो बंद झाला असता तर चाचणी तिथेच संपली असती. सूनबाईला राग आला, ताजा, दुपारच्यापेक्षा गरम. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"मदत," सासरे म्हणाले.

"मला मदत नको होती. माझी वस्तू मला हवी होती, मी निवडलेली. जागा मिळाली, ती मी मिळवली. तुमच्यामुळे ती दोन वेळा जाता जाता राहिली. एकदा त्या वाघामुळे आणि एकदा आत्ता."

सासरे फ्रिजखालच्या पाण्याच्या तळ्याकडे बघू लागले. "चूक झाली," ते म्हणाले.

"फ्रिजला नको. मला सांगा."

त्यांनी मान वर केली. अंधारातही ते अवघड जात असलेलं दिसत होतं. "चूक झाली माझी, सूनबाई. तुला विचारायला हवं होतं."

तिने ऐकून घेतलं. ठीक आहे म्हटलं नाही, हसलीही नाही. होयबाच्या हातात फडकं दिलं आणि जाऊन एकेक बटण दाबत घरातले दिवे लावले.